कीड पुसलेले सफरचंद

आपल्या नांदेड-लातूरकडील बैठकींत तुगरे आणि मक्का-मदिनेच्या चित्रांशेजारी फळांच्या टोपलीलाही सहज जागा मिळते. चित्रे काढून पोट भरणाऱ्या एकाला हजरत इब्ने अब्बास यांनी झाडे व निर्जीव वस्तू काढण्यास सांगितल्याची नोंद बुखारी शरीफमध्ये आहे.

नांदेडच्या एका बैठकीत काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराच्या फळांच्या टोपलीची रंगवलेली नक्कल पाहण्यात आली. १६०० च्या सुमाराचे मूळ चित्र मिलानच्या अँब्रोसियाना संग्रहालयात आहे. नक्कल करणाऱ्याचा हात तयार आहे. टोपलीची वीण, द्राक्षांवरचा पांढुरका थर, मागची रिकामी पिवळसर पार्श्वभूमी, सारे नेमके उतरले आहे. पण मूळ चित्रातील सफरचंदाला कीड लागली आहे, पानांना भोके पडली आहेत, काही वाळली आहेत. नकलेत सफरचंद लालबुंद, पाने हिरवीगार!

इथे चित्राचा अर्थच पुसला गेला. भरल्या टोपलीतच झीज सुरू झालेली असते, हे मूळ चित्र दाखवते. सूफी परंपरेतला 'फना' हा शब्द जाणणाऱ्याला ते परके वाटू नये.

बैठकीत वाळके पान शोभत नाही, असे कुणी म्हणेल. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला वाळके पान नवे नाही. समाजाची चार लोकांत शोभा नको म्हणून आपल्या कथा-कवितांतूनही आपण अशीच कीड पुसत असतो. त्या कथाही मग या नकलेसारख्याच होतात: देखण्या, पण खोट्या.