काळा घोडा : रस्ता, नाव आणि कविता

जुन्या रस्त्याचा इतिहास पुष्कळदा त्याच्या इमारतींपेक्षा त्याच्या नावात अधिक काळ टिकतो. मुंबईच्या फोर्ट विभागातील रॅम्पार्ट रो हे याचे बोलके उदाहरण होय. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, किल्ल्याचा तट पाडला गेला. रस्त्याच्या नावात तेवढा तो उरला. लगतच्या चौकातील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवून पुढे राणीच्या बागेत ठेवण्यात आला. लोकांनी मात्र ‘काळा घोडा’ हे नाव सोडले नाही.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, ते या स्थित्यंतराच्या उंबरठ्यावर. वाढत्या शहराची साक्षेपी नोंद ठेवणे ही त्यामागील प्रेरणा होती. अरुण कोलटकरांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) या संग्रहात नोंद घेण्याची ही वृत्ती कायम आहे; बदलला आहे तो नोंदीचा विषय. रॅम्पार्ट रोवरील ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात बसणाऱ्या या कवीला दिसतात ते झाडूवाली, इडलीवाली, महारोग्यांचा वाद्यवृंद आणि वाहतूक बेटावर पहुडलेला भटका कुत्रा. हा कुत्रा आपले एक कूळ फ्रियर यांनी आणविलेल्या शिकारी कुत्र्यांशी जोडतो, तर दुसरे धर्मराजाच्या सोबत्याशी. तट पाडणाऱ्या गव्हर्नरचा वारसा असा एका बेवारस प्राण्याकडे येतो. हा केवळ विनोद नव्हे. रस्त्याचा इतिहास कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

हा संग्रह इंग्रजीत असल्यामुळे मराठी समीक्षेने त्याला परका मानणे योग्य ठरणार नाही. कुत्र्याची दुहेरी वंशावळ ही या द्वैभाषिक कवीचीही वंशावळ आहे. फोर्टसारख्या वसाहतकालीन परिसराचे सत्य एकाच भाषेत मावत नाही, याची जाण तिच्यात आहे.

२०१७ मध्ये या भागात स्वाराविना नवा काळा घोडा उभारण्यात आला. नावाला पुन्हा वस्तू लाभली. परंतु तत्पूर्वीच्या रिकाम्या जागेत कोण न्याहारी करीत होते, कोण झाडीत होते, हे त्या शिल्पावरून कळणार नाही. त्यासाठी या कवितेकडेच यावे लागेल.