'अशुद्ध' रक्ताचा तक्ता

वाशी (जि. धाराशिव) येथील एका शाळेत विज्ञानाच्या तासाला बसण्याचा योग आम्हांला आला. भिंतीवर मानवी हृदयाचा रंगीत तक्ता होता. नववीतल्या एका मुलाने विचारले, "रक्तदानात शिरेतून रक्त घेतात. तक्त्यात शिरेतले रक्त अशुद्ध लिहिले आहे. मग रोग्याला अशुद्ध रक्त देतात का?" प्रश्न बिनतोड होता. म्हणून हे परीक्षण तक्त्याचे.

गुण आधी सांगू. चार कप्पे, मधला पडदा आणि झडपा ठळक आहेत. शरीराकडून आलेले रक्त उजव्या अलिंदातून उजव्या निलयात व तेथून फुफ्फुसांकडे जाते. परतल्यावर डाव्या अलिंदातून डाव्या निलयात व पुढे महाधमनीत जाते. हा मार्ग मुलांना चटकन कळतो.

दोष आहे तो 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' या शब्दांत. 100 मिलिलिटर धमनीरक्तात सुमारे 20 मिलिलिटर ऑक्सिजन असतो; विश्रांतीच्या वेळी शिरांतून परतणाऱ्या रक्तात सुमारे 15. कार्बन डायऑक्साइड धमनीरक्तात सुमारे 48, तर शिरारक्तात सुमारे 52. म्हणजे 'शुद्ध' रक्तातही कार्बन डायऑक्साइडच जास्त! शिवाय मूत्रपिंडाकडे युरिया नेणारे रक्त तक्त्यानुसार 'शुद्ध' आणि तेथून युरिया गाळून परतणारे 'अशुद्ध' ठरते. सोवळ्याओवळ्याची सवय असलेल्या समाजात असा शब्द नुसता चुकत नाही, मनात घर करतो. 'ऑक्सिजनयुक्त' व 'ऑक्सिजन कमी असलेले' असे म्हटले की गोंधळ मिटतो. त्या मुलाला उत्तरही मिळते: दिलेले रक्त रोग्याच्या फुफ्फुसांतून गेले की ऑक्सिजन भरून घेते.

निळ्या रंगाचेही तसेच. ती केवळ खूण आहे. शिरेतले रक्त गडद लालच असते. तक्त्यावर हे कुठेच लिहिलेले नाही.

दुसरा दोष बाणांचा. 1 ते 4 असे आकडे घातल्याने आधी उजवी बाजू आकुंचन पावते, मग डावी, असे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही अलिंदे एकदम आणि त्यानंतर दोन्ही निलये एकदम आकुंचन पावतात. तिसरा दोष असा, की दोन्ही निलयांच्या भिंती सारख्याच जाड काढल्या आहेत. डाव्याला साऱ्या शरीराकडे रक्त ढकलायचे असते. त्याची भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड असते.

शिक्षकमित्रांनो, यावर उपाय गावातच आहे. जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले, तरी शेळीची जात उस्मानाबादीच म्हणून प्रसिद्ध आहे. शेळीचे हृदयही आपल्यासारखेच चार कप्प्यांचे. खाटकाकडून एक अखंड हृदय आणावे, स्वच्छ धुऊन उभे चिरावे आणि मुलांना दोन्ही भिंती बोटांत धरून पाहू द्याव्यात. मग सर्वांनी साबणाने हात धुवावेत. तक्ता भिंतीवर राहू द्यावा. फक्त 'शुद्ध-अशुद्ध' या शब्दांवर कागद चिकटवून नवे शब्द मुलांकडूनच लिहून घ्यावेत.