प्लेटलेटसमृद्ध रक्तद्रव आणि तुलनेचा प्रश्न

कंबरेच्या सांध्यांच्या जुनाट दुखण्यावर रुग्णाच्याच रक्तापासून सिद्ध केलेला प्लेटलेटसमृद्ध रक्तद्रव सांध्यात टोचावा, ही उपचारपद्धती अलीकडे बरीच रूढ होत आहे. तिची उपपत्ती आकर्षक आहे. रक्त अपकेंद्री यंत्रात फिरवून प्लेटलेटांचे प्रमाण वाढविले, म्हणजे त्यांतील वृद्धिकारक घटक जीर्ण ऊतींच्या दुरुस्तीस चालना देतात, असे प्रतिपादन केले जाते. परंतु उपपत्ती सुसंगत असणे निराळे आणि उपचार गुणकारी ठरणे निराळे. गुण सिद्ध होतो तो तुलनेने. म्हणून तुलना कशाशी व कशा रीतीने केली, हे प्रथम पाहिले पाहिजे.

या संदर्भात २०१७ साली प्रसिद्ध झालेले दोन प्रयोग विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला मणक्यांच्या मागील अंगास असणाऱ्या फॅसेट सांध्यांविषयीचा असून त्यात ४६ रुग्ण होते. दुसरा चंदीगडचा, त्यात त्रिकास्थी व श्रोणी यांमधील सांधा दुखणारे ४० रुग्ण होते. दोहोंतही तुलना स्टेरॉइडशी होती. पहिल्यात आरंभी दोन्ही गटांस आराम पडला. पण सहा महिन्यांत स्टेरॉइडचा प्रभाव ओसरला आणि रक्तद्रवाचा टिकला. दुसऱ्यात तीन महिन्यांअखेर उपचाराची परिणामकारकता रक्तद्रवाच्या गटात ९० टक्के, तर स्टेरॉइडच्या गटात २५ टक्के आढळली.

रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून हे प्रयोग झाले, हा त्यांचा गुण मान्य केलाच पाहिजे. तथापि चंदीगडच्या प्रयोगात उपचार उघड होता. अज्ञात ठेवला होता तो केवळ निरीक्षकापासून. ज्वर तापमापकावर मोजता येतो, वेदनेचा साक्षीदार मात्र रुग्ण स्वतःच असतो. त्या साक्षीदारालाच सर्व ठाऊक असेल, तर निरीक्षकाच्या अज्ञानाने फारसे काही साधत नाही.

स्टेरॉइड हा मापदंडही पक्का नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९७ रुग्णांच्या फॅसेट सांध्यांत स्टेरॉइड अथवा निव्वळ लवणजल टोचण्यात आले. एका महिन्यानंतर लक्षणीय सुधारणा सांगणारे पहिल्या गटात ४२ टक्के, तर दुसऱ्यात ३३ टक्के निघाले. हा फरक निर्णायक नव्हता. सहाव्या महिन्यात स्टेरॉइडचे पारडे जड दिसले खरे, परंतु मध्यंतरी घेतलेल्या इतर उपचारांचा हिशेब धरता ते हलके झाले. लवणजलाने एक-तृतीयांश रुग्णांना बरे वाटावे, ही गोष्ट सुईच्या व अपेक्षेच्या सामर्थ्याविषयी, तसेच दुखण्याच्या स्वाभाविक चढउतारांविषयी पुष्कळ सांगून जाते.

स्टेरॉइड लवणजलाच्या बरोबरीचे आणि रक्तद्रव स्टेरॉइडहून सरस, तेव्हा रक्तद्रव लवणजलाहूनही सरस, असा युक्तिवाद कोणी करील. तो सकृद्दर्शनी निर्दोष वाटतो. परंतु एका प्रयोगातील रुग्ण अजाण व दुसऱ्यातील जाणते असताना अशी साखळी जुळत नाही. गुडघ्याचे उदाहरण याबाबत बोलके आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात संधिवाताच्या २८८ रुग्णांना, कोणास काय मिळाले हे न कळू देता, रक्तद्रव अथवा लवणजल देण्यात आले. वर्षाअखेर दहा अंशांच्या मापावर वेदना अनुक्रमे सरासरी २.१ व १.८ अंशांनी उतरली. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या अर्थपूर्ण ठरला नाही. गुडघा म्हणजे कंबर नव्हे, आणि सर्वत्र वापरलेला रक्तद्रव एकाच प्रतीचा असतो असेही नाही. म्हणून कंबरेच्या सांध्यांबाबत ही पद्धती निरुपयोगी ठरली, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मात्र ती उपयुक्त ठरली, हे विधानही तितकेच घाईचे आहे.

यापुढील प्रयोगात रक्त सर्वच रुग्णांचे काढावे, पिचकारीतील द्रव झाकलेला असावा आणि एका गटास लवणजल द्यावे. यात दुष्कर असे काही नाही. दीर्घकाळ वेदना सोसणारा रुग्ण आशेपोटी पदरमोड करून उपचार घेतो. त्याच्या आशेला पुरावा समजण्याचा अधिकार वैद्यकास नाही.