तंबू उतरवतं कोण?

‘लीप ऑफ फेथ’ (1992) लोक स्टीव्ह मार्टिनसाठी बघतात आणि त्यात गैर काही नाही. त्याचा जोनास नाइटिंगेल हा फिरता प्रवचनकार. ताफ्यातला एक ट्रक बंद पडतो आणि ही मंडळी कॅन्ससमधल्या रस्टवॉटर नावाच्या दुष्काळी गावात अडकतात. मग माळावर तंबू ठोकला जातो. आत लोक गातात, रडतात, पैसे टाकतात. पडद्यामागे कॉम्प्युटरपाशी बसलेली जेन (डेब्रा विंगर) कोण कुठे बसलंय आणि त्याचं दुखणं काय, हे जोनासच्या कानातल्या यंत्रात सांगत असते.

दिवसभर दुसऱ्यांच्या डेटावर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हा भाग आवडणारच. आणि ही निव्वळ कल्पनाही नाही. 1986 मध्ये जेम्स रँडी यांच्या माणसांनी पीटर पॉपॉफ या प्रवचनकाराला त्याची बायको 39.17 मेगाहर्ट्झवर माहिती पुरवत असताना पकडलं होतं, आणि ते रेकॉर्डिंग जॉनी कार्सनच्या शोमध्ये अख्ख्या अमेरिकेला ऐकवलं होतं.

माझं भांडण शेवटाशी आहे. (सांगून टाकतो, तीसेक वर्षं जुना सिनेमा आहे.) कुबड्या घेऊन चालणारा मुलगा खरोखरच बरा होतो, जोनास हादरतो, रात्रीच एका ट्रकवाल्याकडे लिफ्ट मागून सटकतो आणि पाऊस येतो. चमत्कार खरा की खोटा, या प्रश्नावर पावसाचं पाणी टाकून दिग्दर्शक रिचर्ड पिअर्स मोकळा होतो. पण तंबू?

मोठा तंबू उतरवणं म्हणजे नुसते दोर सोडणं नव्हे. आधी वायरिंग, स्पीकर, खुर्च्या बाहेर. मग कडेच्या कनाती सुटतात, बाजूचे खांब निघतात, कापड मधल्या खांबांवरून कप्प्यांच्या आधाराने हळूहळू खाली येतं. वारा असेल तर ते माणसांना ओढत नेतं. नंतर शिवणींचे दोर उसवून एकेक तुकडा गुंडाळायचा, आणि खुंट्या उपटायच्या. खुंट्या सगळ्यात चिवट. गणपतीचा मंडप सोडताना बघितलाय त्यांना अंदाज येईल. शिवाय कॅनव्हास ओला असताना बांधून ठेवला तर त्याला बुरशी लागते. गावाला जो पाऊस वरदान वाटतो, तोच या कामगारांचं काम दुप्पट करून ठेवतो.

हे कुठल्याच सिनेमाला दिसत नाही असं वाटू लागतं. ‘एल्मर गँट्री’त (1960) शेवटी सिस्टर शेरनचं नवंकोरं प्रार्थनागृहच जळून जातं, म्हणजे आवरायचं काही उरतच नाही. सगळ्यात जवळ जातो तो ‘मार्जो’ (1972) हा माहितीपट. सभा संपल्यावर मार्जो गॉर्टनर खोलीत पलंगावर नोटा ओतून मोजतो. तिथे कॅमेऱ्याला कुठल्या चमत्काराची गरज पडत नाही. त्याला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

आपल्यासारख्या शहाण्यांना ‘प्रवचनकार लबाड आहे का?’ हा प्रश्न सोयीचा असतो. उत्तर आधीच माहीत असतं आणि वर हुशार वाटतं. जास्त अवघड आहेत ती ‘लीप ऑफ फेथ’मधली कॉयरची माणसं. रोज त्याच ताफ्यातून फिरणाऱ्यांना सगळ्या क्लृप्त्या ठाऊक असणारच. तरीही गाताना ती खोटं गातायत असं एकदाही वाटत नाही. मग त्यांना नेमकं काय माहीत आहे, आणि काय माहीत असूनही चालतं? त्यांना हे विचारायची वेळ सभेनंतरची, खुर्च्या रचतानाची. दिग्दर्शकाने ती गमावली. लबाडीचं सर्किट इतक्या प्रेमाने उलगडून दाखवणारा सिनेमा माणसांपाशी आल्यावर घाई करतो, याचं मला वाईट वाटतं.

जोनास ट्रकच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून आनंदाने भिजतो आणि श्रेयनामावली सुरू होते. बाकीचे सगळे मागे माळावरच आहेत, आणि तंबू वाळल्याशिवाय त्यांना तो गुंडाळता येणार नाही.