क्रेगलिस्टने वर्तमानपत्रं मारली का? एका शोधनिबंधाचं चिकित्सक वाचन

‘डिजिटल तंत्रज्ञानाचा माध्यमांच्या व्यवसायावर झालेला परिणाम : एक अभ्यास.’ संशोधन आराखड्यासाठी असं एखादं शीर्षक तुमच्या डोक्यात घोळत असेल, तर जरा थांबा. यातलं ‘डिजिटल तंत्रज्ञान’ म्हणजे नेमकं काय? स्मार्टफोन, सर्च इंजिन, यूट्यूब की व्हॉट्सअॅप? ‘माध्यमं’ म्हणजे कोणती? आणि ‘परिणाम’ मोजणार कशात? मुलाखतीत समिती हेच तीन प्रश्न विचारते आणि बरेच जण इथेच अडखळतात.

हे प्रश्न कसे सोडवायचे हे शिकण्यासाठी मी एक शोधनिबंध सुचवतो. रॉबर्ट सीमन्स आणि फेंग झू यांचा हा निबंध ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात २०१४ साली आला. विषय अगदी छोटा आहे : क्रेगलिस्ट आल्यावर अमेरिकेतल्या स्थानिक वर्तमानपत्रांनी काय केलं?

आधी पार्श्वभूमी. क्रेग न्यूमार्क यांनी १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रेगलिस्ट सुरू केली. भाड्याने घर, जुनी सायकल, नोकरी अशा छोट्या जाहिरातींची ही साधीसुधी जागा, आणि बहुतेक जाहिराती फुकट. २००० पासून ती एकेक करून दुसऱ्या शहरांत गेली. आता वर्तमानपत्राचं गणित बघा. वाचकाला अंक स्वस्तात द्यायचा आणि त्या वाचकांच्या जोरावर जाहिरातदाराकडून पैसे घ्यायचे. याला दुतर्फा बाजारपेठ म्हणतात. एका बाजूची किंमत दुसऱ्या बाजूवर अवलंबून असते. त्यामुळे एका बाजूला धक्का बसला की दुसरी बाजूही हलते.

आता निबंधाची खरी ताकद कशात आहे ते पाहू. ‘इंटरनेट आलं आणि जाहिराती घटल्या’ एवढंच म्हटलं तर तो झाला निव्वळ परस्परसंबंध. त्याच काळात ब्रॉडबँड पसरत होतं, वाचनाच्या सवयी बदलत होत्या. मग दोष क्रेगलिस्टचा कशावरून? लेखकांनी दोन फरकांचा उपयोग केला. एक, क्रेगलिस्ट सगळीकडे एकाच दिवशी पोहोचली नाही. दोन, सगळी वर्तमानपत्रं छोट्या जाहिरातींवर सारखी अवलंबून नव्हती. जी जास्त अवलंबून होती, त्यांना क्रेगलिस्ट आल्यावर जास्त धक्का बसला का, हा त्यांचा प्रश्न. बघा, ‘डिजिटल तंत्रज्ञान’ या ढगातून त्यांनी मोजता येईल असा एक थेंब बाहेर काढला.

निष्कर्षही सुबक आहेत. जास्त अवलंबून असलेल्या वर्तमानपत्रांत, इतरांच्या तुलनेत, छोट्या जाहिरातींचे दर २०.७ टक्क्यांनी उतरले. वर्गणी ३.३ टक्क्यांनी वाढली, खप ४.४ टक्क्यांनी घटला आणि मोठ्या म्हणजे डिस्प्ले जाहिरातींचे दरही ३.१ टक्क्यांनी खाली आले. साखळी लक्षात घ्या. छोट्या जाहिरातींतून मिळणारा पैसा आटला, म्हणून वाचकाला स्वस्तात अंक देण्याचं कारण कमी झालं. वर्गणी वाढली, वाचक गळले आणि वाचक गळल्यावर डिस्प्ले जाहिरातदारही कमी पैसे मोजू लागला. क्रेगलिस्टने डिस्प्ले जाहिरातींना हातही लावला नव्हता, तरी झळ तिथपर्यंत पोहोचली.

इथपर्यंत कौतुक. आता माझे तीन आक्षेप.

पहिला मोजमापाचा. कोणतं वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींवर किती अवलंबून आहे हे कसं ठरवलं? तर वार्षिक निर्देशिकेत त्या वर्तमानपत्राच्या नोंदीत ‘क्लासिफाइड मॅनेजर’ असं पद आहे की नाही, यावरून. युक्ती हुशारीची आहे, कारण प्रत्येकाचे हिशेब मिळणं अवघड. पण असं स्वतंत्र पद मोठ्या वर्तमानपत्रात असण्याची शक्यता जास्त. मग आपण मोजतोय ते अवलंबित्व की आकार? असा पर्यायी निर्देशक दिसला की हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. तुमच्या प्रबंधाचा परीक्षक तो विचारणारच आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००० ते २००७ या काळात जाहिरात देणाऱ्यांचे सुमारे ५ अब्ज डॉलर वाचले, असा लेखकांचा अंदाज आहे. आकडा ठसठशीत आहे आणि पुढे तोच सगळीकडे उद्धृत होतो. पण हा हिशेबाचा एकच रकाना. ज्या पैशातून नगर परिषदेच्या बैठकीला बातमीदार बसत होता, तो पैसा गेल्यावर काय गेलं? त्या बैठकीच्या बातमीला बाजारात दर नाही, म्हणून ती या हिशेबात येतच नाही. लेखकांचा प्रश्न किमतींचा होता, त्यामुळे त्यांना दोष देता येणार नाही. मात्र ‘ग्राहकांचा फायदा झाला’ असं म्हणून जो इथेच थांबतो, तो चुकतो.

हा रिकामा रकाना पुढे मिलेना जुरेलोव्हा, रुबेन दुरांते आणि ग्रेगरी मार्टिन यांनी भरला. धक्का तोच, अवलंबित्वाची कल्पनाही तीच, पण त्यांनी वेगळं मोजलं : माणसं. क्रेगलिस्ट आल्यावर संपादकीय कर्मचारी कमी झाले आणि कपातीची कुऱ्हाड राजकारण सांभाळणाऱ्या संपादकांवर जास्त पडली. राजकीय बातम्या घटल्या. राजकारणात रस असलेले वाचक विशेष करून दुरावले. एवढंच नाही, तर पक्ष बघून मतदान वाढलं आणि टोकाच्या विचारांच्या उमेदवारांना संसदेच्या निवडणुकीत जास्त यश मिळालं. जुन्या सायकलीची जाहिरात फुकट झाली, त्याचं बिल मतदाराच्या नावावर फाटलं. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचा. निष्कर्ष किती रंगीत दिसेल हे आपण काय मोजायचं ठरवतो यावर अवलंबून असतं, हे त्यातून नीट कळतं.

तिसरा आक्षेप निबंधावर नाही, तो वापरणाऱ्या आपल्यावर आहे. ‘अमेरिकेप्रमाणेच महाराष्ट्रातही...’ असं वाक्य लिहिण्याआधी विचार करा. आपल्याकडे किमतीचं गणित आधीच वेगळं आहे. १९९४ मध्ये दिल्लीत ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने अंकाची किंमत उतरवून दरयुद्ध छेडलं, तेव्हापासून स्वस्त अंक ही इथली रीतच झाली. त्यात महिन्याअखेरीस रद्दी विकून वाचकाला काही पैसे परत मिळतात! सरकारी जाहिराती आणि क्लासच्या जाहिराती यांचा भार कोण किती उचलतं, हे जिल्ह्याच्या पेपरात वेगळं आणि मुंबईच्या पेपरात वेगळं. वाढदिवसाच्या शुभेच्छांचं तर विचारूच नका. शिवाय ओएलएक्स किंवा क्विकरची वेबसाइट सुरू झाली म्हणजे ती लातूरमध्ये वापरात आली असं नाही. तुम्हाला ‘आगमनाची तारीख’ जिल्हानिहाय शोधावी लागेल.

तेव्हा तुमच्या शीर्षकाखाली आज तीन ओळी लिहून बघा : धक्का कोणता, तो कोणाला जास्त आणि कोणाला कमी बसला, आणि मी काय मोजणार. मग चौथी ओळही लिहा : ज्याला बाजारात दर नाही असं माझ्या मोजमापातून काय सुटतंय? पहिल्या तीन ओळी तुम्हाला प्रवेश मिळवून देतील. प्रबंध कशासाठी लिहायचा, ते चौथी सांगेल.