पीयूष, पोष आणि पान्हा : एका ग्रंथीच्या नावांची परीक्षा

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा व्युत्पत्तीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ज्या वस्तूला संज्ञा दिली, तिच्या वर्तनावरून संज्ञेची परीक्षा करण्याचा प्रघात फारसा पडलेला नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पिट्युइटरी ग्रंथीच्या मराठी नावांची तशी परीक्षा येथे करावयाची आहे. त्यासाठी गर्भारपण व बाळंतपण हा काळ निवडला आहे. कारण निरोगी देहात या ग्रंथीचे रूप इतके ठळकपणे क्वचितच पालटते.

मूळ पाश्चात्त्य नाव चुकीच्या समजुतीतून आले आहे. ‘पिट्युइटा’ म्हणजे लॅटिनमध्ये कफ. मेंदूतील कफ या ग्रंथीतून नाकात उतरतो, असे प्राचीन वैद्य मानीत. सतराव्या शतकात ती समजूत खोटी ठरली. नाव मात्र राहिले. मराठी विश्वकोशाने ‘पोष ग्रंथि’ ही संज्ञा स्वीकारली, तर पाठ्यपुस्तकांत ‘पीयूषिका’ रूढ झाली.

आता ग्रंथीचे वर्तन पाहू. गर्भारपणात तिचे आकारमान सुमारे एकतृतीयांशाने वाढते. वारेतून येणाऱ्या इस्ट्रोजेनच्या प्रभावाने अग्रखंडातील प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या पेशींची संख्या वाढते, हे त्याचे मुख्य कारण होय. या विशिष्ट पेशींचे वर्णन एर्डहाइम आणि श्टुमे यांनी १९०९ मध्येच केले होते. प्रसूतीच्या सुमारास रक्तातील प्रोलॅक्टिन एरवीच्या दहापट किंवा अधिक होते. तरीही प्रोजेस्टेरॉनच्या अटकावामुळे भरपूर दूध तयार होत नाही. वार पडली की तो अटकाव सुटतो. ग्रंथी प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांत सर्वांत मोठी असते व साधारण सहा महिन्यांत पूर्ववत होते.

या कसोटीवर ‘पोष’ ही संज्ञा फार व्यापक ठरते. पोषण तर यकृतही करते. ‘पीयूष’ शब्दाचा आपण ‘अमृत’ एवढाच अर्थ घेतो आणि त्या अर्थी तो केवळ अलंकार होय. परंतु संस्कृतात ‘पीयूष’ म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिले दूध, म्हणजेच आपला चीक, असाही अर्थ आहे. तो ध्यानात घेतला तर हे नाव ग्रंथीच्या बाळंतपणातील कार्याशी विलक्षण जुळते. आक्षेप एवढाच की, ते तिच्या अनेक कार्यांपैकी एकच सांगते.

बोलभाषा येथे परिभाषेहून सूक्ष्म आहे. ‘दूध’ आणि ‘पान्हा’ यांत ती भेद करते. गाय पान्हा चोरते, तेव्हा कासेत दूध असते. ते उतरत नाही. शरीरशास्त्रही हाच भेद करते : दूध तयार होणे हे अग्रखंडातील प्रोलॅक्टिनचे कार्य, तर ते उतरणे पश्चखंडातून सुटणाऱ्या ऑक्सिटोसिनचे. संस्कृत ‘प्रस्नव’पासून आलेला हा घरगुती शब्द असताना पाठ्यपुस्तकांनी ‘दुग्धनिष्कासन’ असे जड समास का घडवावेत?

हा वाद केवळ शब्दांचा नाही. वाढलेल्या ग्रंथीला रक्त अधिक लागते. प्रसूतीत फार रक्तस्राव झाला तर तिचा काही भाग मृत होऊ शकतो. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. अंगावर दूध न येणे हे त्याचे बहुधा पहिले लक्षण. पुढे पाळी न येणे, थकवा, थंडी न सोसणे ही लक्षणे दिसतात, आणि निदानास कित्येकदा वर्षे लागतात. कॉर्टिसॉलची उणीव तर जिवावर बेतू शकते. अशा वेळी ‘दूध आटले’ आणि ‘दूध आलेच नाही’ ही वाक्ये समानार्थी नव्हेत. ‘आटणे’ या क्रियापदात आधी दूध होते हे गृहीत आहे. दोहोंची नोंद ‘दूध कमी’ अशी केली, तर स्त्रीने स्वतःच्या भाषेत अचूक सांगितलेले लक्षण कागदावर उतरताना हरवते.

तात्पर्य, ‘पीयूषिका’ राहू द्यावी. मात्र तिचा विसरलेला अर्थ शिकवावा. आणि परिभाषाकारांनी शब्द घडविण्यापूर्वी बाळंतिणीच्या खोलीतील मराठी एकदा ऐकावी.