‘नेव्हरमाइंड’ : खप आणि कस

बंडखोर कला बाजारात खपू लागली की ती बाटली, असा निवाडा देण्याची रसिकांना मोठी घाई असते. ‘निर्वाणा’ या अमेरिकन त्रिकुटाच्या ‘नेव्हरमाइंड’ या ध्वनिमुद्रिकेच्या वाट्याला हाच निवाडा आला. सप्टेंबर १९९१ मध्ये ती निघाली, तेव्हा अमेरिकेत तिच्या पन्नास हजारांहूनही कमी प्रती काढल्या होत्या. जानेवारी १९९२ मध्ये तिने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे सारून खपाच्या यादीत पहिले स्थान मिळविले. पुढे खुद्द गायक-गीतकार कर्ट कोबेन यानेच तिच्या गुळगुळीतपणाविषयी नापसंती दर्शविली. तथापि, अशा प्रसंगी कलावंताच्या साक्षीपेक्षा कलाकृतीची साक्ष आम्ही अधिक ग्राह्य मानतो.

मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगितली. त्यांतील विरोधलय हा या मुद्रिकेचा प्राण आहे. कडवे दबक्या, काहीशा उदासीन स्वरात चालते आणि ध्रुवपद येताच गिटार व ढोल यांचा लोंढा कोसळतो. ही युक्ती ‘पिक्सीज’ या संघाकडून घेतल्याचे कोबेनने मान्य केले होते. परंतु विरोध जाणवावयाचा, तर त्याच्या दोन्ही बाजू स्पष्ट ऐकू आल्या पाहिजेत. निर्माता बुच विग याने करविलेले आवाजाचे दुहेरी मुद्रण आणि अँडी वॉलेस याचे ध्वनिमिश्रण यांनी नेमके तेच साधले. झिलईने येथे धार बोथट झालेली नाही. उत्तरार्धात मात्र तोच साचा पुन्हा पुन्हा येतो आणि विरोधाचीही कानाला सवय होते, हा दोष मान्य केला पाहिजे.

‘पॉली’ हे गीत या साच्याबाहेरचे आहे. १९८७ मधील एका मुलीच्या अपहरणावर आधारलेले हे गीत अपराध्याच्याच तोंडी घातले आहे. साधी गिटार, शांत चाल आणि स्फोट कोठेच नाही. विरोध येथे आवाजातून आशयात उतरतो. गोड सुरामुळेच क्रौर्य असह्य होते.

लोकप्रियतेचा खरा धोका याच गीतात दिसला. ते गात एका मुलीवर अत्याचार झाल्याचे कोबेनने ‘इन्सेस्टिसाइड’ या १९९२ च्या संग्रहासोबतच्या टिपणात संतापाने नमूद केले. सूर लाखोंपर्यंत पोहोचला. अर्थ तितका पोहोचला नाही. हा दोष झिलईचा नव्हे आणि खपाचाही नव्हे. तो ऐकण्याचा आहे. म्हणून या मुद्रिकेचा निवाडा विक्रीच्या आकड्यांवरून न करता, ती पुन्हा एकदा नीट ऐकून करावा, असे आम्हांस वाटते.